उलटसुलट गाठ

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. सारिकाला तर नाहीच — आणि ती आमच्या खालच्याच मजल्यावर राहते. मग तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात म्हणून.

आम्ही माण गावात सारिकाच्या वडिलांच्या इमारतीत भाड्याने राहतो. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तिची गावातली. दोघी घोटावड्याजवळच्या एका मैदानावर धनुर्विद्या शिकायचो. आमच्या प्रकारच्या धनुष्यात दोरी बोटांनी ओढत नाहीत. दोरीवर जाड धाग्याचा छोटासा लूप बांधलेला असतो. त्यात रिलीज अडकवायचा, दोरी ओढायची, रिलीजचा घोडा दाबला की बाण सुटतो. सारिका रिलीजला चाप म्हणायची.

मी मनगटाला पट्ट्याने बांधायचा रिलीज निवडला होता. का? तो हातातून पडत नाही. काही पडलं की सगळे बघतात. तिने नवा घेतला तो मुठीत धरायचा, अंगठ्याने दाबायचा, लोखंडी. माझ्या पट्ट्याकडे बघून म्हणाली, "दाव्याला बांधलंय व्हय गं मडम, गुरागत?" मीही हसले. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला होता — हेही सांगून टाकते.

नव्या रिलीजसाठी तिला लूप आखूड हवा होता. संघाच्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी ती मैदानावर आली नव्हती. सर मला म्हणाले, "सारिकाला सांग, लूप नवा बांध. गाठी उलटसुलट घे म्हणावं."

उलटसुलट. हा शब्द मला एकाच ठिकाणचा माहीत होता — माझं कपाट. 'सगळं उलटसुलट करून ठेवलंयस,' असं आई म्हणते. म्हणजे कसंही. सर गाठीबद्दल असं का म्हणतील? हे मनात आलं होतं. पण विचारलं नाही. मी कुणाला काही विचारत नाही, मराठी शब्दाचा अर्थ तर नाहीच. घरी येऊन सारिकाला सांगितलं, "सर म्हणाले, गाठी कशाही बांध, चालतील."

तिने बांधल्या.

दुसऱ्या दिवशी तिने दोरी पूर्ण ओढली आणि गाठ सरकली. रिलीज धरलेली मूठ तिच्याच तोंडावर बसली. पुढचा अर्धा दात तुटला. सरांनी लूपचा धागा उचलून बघितला. "दोन्ही गाठी एकाच बाजूला? उलटसुलट सांगितलं होतं ना!" त्यांनी दोन बोटं धरून दाखवली — एक या बाजूने, एक त्या बाजूने. तेव्हा मला कळलं. तिथल्या प्रत्येकाला तो शब्द माहीत होता.

सर माझ्याकडे वळले. "निरोप दिला होतास ना?"

इथे थांबते जरा. इथपर्यंत ती चूक होती, नाही का? इथून पुढे नाही.

"हो सर," मी म्हणाले. "उलटसुलट असंच सांगितलं."

सारिकाने तोंडावर रुमाल धरला होता. तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून पेंढ्या उलटसुलट रचणारी ती — तिने तो शब्द ऐकला असता तर चुकली असती? तिला माझे शब्द आठवत होते, हे मला दिसत होतं. मग तिने नजर काढून घेतली. "आसंल सर," म्हणाली. "माझ्याच ध्यानात न्हाई राह्यलं."

संघात जागा एकच होती. मी त्या जागेसाठी खोटं बोलले नव्हते; लोक हसतील म्हणून बोलले. पण जागा मी घेतली.

तिचे वडील म्हणाले, "बास झालं. आज दात, उद्या डोळा." तिचं धनुष्य विकलं गेलं. रिलीज तिने मला आणून दिला. "ठिव तुला. माज्या काय कामाचा?" दातावर आता टोपी आहे, बाकीच्यांपेक्षा जरा पांढरी. ती हसते तेव्हा दिसते. जिन्यात भेटली की ती अजून मला मडम म्हणते.

मी तिच्याच रिलीजने खेळते. लूप मी स्वतः बांधते — एक गाठ या बाजूने, एक त्या बाजूने. अजून एकदाही सुटलेला नाही.