डाव्या कोपऱ्यातलं नाव

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. दर वर्षी ईस्टरच्या आधी कन्फेशनला जाते, तिथे फादरांनाही नाही. तिथे मी चिडचिड केल्याचं सांगते, लेकाला टाकून बोलल्याचं सांगते आणि उठते. हे मागे ठेवते. तुम्ही म्हणाल, मग मन खात असेल — खरं सांगू? बरीच वर्षं मुळीच खाल्लं नाही. मी छान जगले.

मी जुनी तैलचित्रं दुरुस्त करते. वसईची मी. मुंबईत कला शिकले, मग टोरोंटोला आले, आणि इथल्या एका संग्रहालयात माझं टेबल आहे, उत्तरेच्या खिडकीशी. माझी नजर चांगली आहे, हे मी आजही बेधडक म्हणते. रंगाचा थर पाहून त्यावर नंतर कुणी हात फिरवलाय का, हे मी ओळखते. मोठमोठे लोक मला विचारायला येतात. तेव्हाही यायचे. म्हणूनच तर झालं.

मॉन्ट्रियलच्या एका जुन्या घरातून आमच्याकडे एक चित्र आलं. फ्रेंच राजदरबारातली बाई — निळा रेशमी झगा, पावडर लावलेले केस, एक हात मांडीवर, दुसरा चौकटीबाहेर गेलेला. वरचं व्हार्निश चहासारखं तांबूस झालेलं. बाई कोण, चित्र कुणाचं, काही माहीत नव्हतं. ते शोधायचं काम आम्हा दोघींना मिळालं, मला आणि मृणालला. मृणाल पुण्याची. मॉन्ट्रियलला डॉक्टरेट करून आमच्याकडे करारावर लागलेली. फ्रेंच दस्तऐवज ती वर्तमानपत्रासारखे वाचायची आणि मराठी बोलता बोलता मध्येच फ्रेंचमधलं ‘दाकोर, दाकोर’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणायची. मला ती फिलोताई म्हणायची. इथे आल्यावर तिचा नवा विंटर कोट घ्यायला मीच तिला घेऊन गेले होते.

मी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला — राजाच्या मुख्य चित्रकाराचा हात, आणि समोर बसलेली एक नामांकित डचेस. रेशमावरचा उजेड तसाच होता, नाकाची ठेवण तशीच होती. चित्र साफ व्हायच्या आधीच मी भरल्या सभागृहात हे सांगून मोकळी झाले. पेपरात आलं. संग्रहालयाचे लोक खूश.

मृणाल खूश नव्हती. पुढच्या मीटिंगमध्ये तिनं सगळ्यांसमोर विचारलं, “हिचे डोळे बघितलेत का? दरबारातल्या बायका चित्रासाठी बसल्या की अशा बघत नाहीत. ही आरशात बघतेय. ही बसलेली नाही, फिलोताई, ही काम करतेय. चौकटीबाहेरच्या हातात ब्रश आहे.” त्या काळात दरबारात चित्रं काढणाऱ्या बायका होत्या, त्यातल्याच एखादीनं स्वतःचं चित्र काढलं असावं, असं तिचं म्हणणं. पुरावा मात्र नव्हता.

मी हसले. म्हणाले, “कागद वाचणं वेगळं आणि चित्र वाचणं वेगळं, मृणाल. दुसरं यायला वेळ लागतो.” मी ते इंग्रजीत म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून. लोक हसले. तिनं वही मिटली.

इथवर काय, अहंकार म्हणता येईल. तेवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते.

मग मी चित्र साफ करायला घेतलं. द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा गोल फिरवायचा, मळ उचलायचा, थांबायचं, बघायचं — या कामात मी कधी घाई करत नाही. डाव्या खालच्या कोपऱ्यात, खुर्चीच्या सावलीत, तपकिरी रंगाचा एक पट्टा नंतरचा निघाला. कुणी व्यापाऱ्यानं कधीतरी फासलेला. तो सुटला आणि खाली अक्षरं दिसली. बारीक, सरळ, मूळ रंग ओला असतानाच ओढलेली. मादलेन व्हेरसाक. आणि त्याखाली फ्रेंचमध्ये — तिनं स्वतःच.

चित्रकार तीच, चित्रातली बाईही तीच. डचेस वगैरे कुणी नव्हतीच.

मला काय वाटलं? आनंद नाही वाटला. असा क्षण आमच्या धंद्यात आयुष्यात एकदा येतो, आणि मला आधी सभागृह आठवलं, मग मृणालचा चेहरा. आमचा पहिला नियम — काही नवं दिसलं की आधी फोटो. कॅमेरा हाताशी होता. मी तो उचलला नाही. जास्त तेज द्रावण घेतलं. जुना रंग चिवट असतो, तो सहज निघत नाही. मी पुन्हा बोळा फिरवला, मग पातं घेतलं. भरदिवसा, शेजारच्या खोलीत लोक जेवत होते, दार उघडं होतं. मी काम चालू ठेवलं. नाव गेलं. त्या जागी मी सावली रंगवली, आणि सावली मला फार सुरेख जमते. अहवालात लिहिलं — कोपऱ्यात किरकोळ झीज, भरून घेतली.

मृणाल संध्याकाळी येऊन विचारून गेली, “काही सापडलं का, फिलोताई?”

“काही नाही गं,” मी म्हटलं.

चित्र डचेसच्या नावानं भिंतीवर लागलं, आजही तिथेच आहे. मृणालचा करार पुढे वाढला नाही. तिच्याविषयी मला विचारलं होतं. मी म्हटलं, हुशार आहे, पण नजर नाही. ते तिच्या कानावर गेलं. तिनं दुसरीकडे अप्लाय केलं, कुठे जमलं नाही, आणि मग तिनं चित्रांचं कामच सोडलं.

गेल्या हिवाळ्यात ती टोरोंटोजवळच्या किचनर शहरात एका ओळखीच्यांकडे भेटली. सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअल लिहिते. नवरा, मुलगी, घर, सगळं ठीक. मला बघून आनंदानं जवळ आली. मुलीला म्हणाली, “या फिलोमावशी, यांनी मला खूप शिकवलं.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “बरं झालं तेव्हा तुम्ही स्पष्ट बोललात. मला नजर नव्हतीच. उगाच आणखी वर्षं घालवली असती मी.”

मी तिचा हात हातात घेतला. सांगता आलं असतं — खोलीत आम्ही तिघीच होतो. मी म्हटलं, “होतं असं कधी कधी.” आणि ती मला समजूतदार समजून हसली.

पुसलं तेव्हा मी घाबरले होते, असं म्हणता येईल. किचनरला मला कसली भीती होती? नोकरीचे थोडेच दिवस राहिलेत, नाव झालेलं आहे. तरी मी तिला तिच्या अपयशासकट घरी जाऊ दिलं.

आता ते नाव परत आणता येणार नाही. फोटो नाही, रंगाचा कणही नाही. मी सांगते आहे एवढाच पुरावा, आणि मी खोटं किती सफाईनं बोलते ते तुम्ही आत्ताच वाचलंत. तरी लिहून ठेवते. चित्र मादलेन व्हेरसाकचं आहे, आणि त्यात तीच आहे. मृणालनं ते नुसत्या डोळ्यांनी ओळखलं होतं. मी वाचलं होतं.