अनंताच्या नावावरची चूक

अनंता गेल्याचं त्याच्या दादाने फोनवर सांगितलं. "आपला अनंता गेला रे. हार्ट..." एवढंच. त्याला महिना होईल. मुरबाडजवळच्या गावात वाढलेला हा माझा शाळेपासूनचा मित्र मुंबईत रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करायचा, आणि मी शहापुरात रक्त तपासायची छोटी लॅब चालवतो. त्याच्या हुशारीचा मला अभिमान होता आणि थोडा मत्सरही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याच्या सख्ख्या भावजयीलाच, सुनंदावहिनींना, तो आजार झाला. हिरड्यांतून रक्त, अंगभर काळेनिळे डाग. मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पण घरच्यांनी हट्टाने त्यांना गावी आणलं. एक दिवसाआड रक्त माझ्याकडे यायचं. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी दुपटीने वाढल्या. अनंता परगावी होता. मी शहाणपणा केला आणि रक्त घेऊन आलेल्या शेजाऱ्याबरोबर निरोप धाडला : गोळ्या लागू पडत नाहीत, थांबवा.

दोन दिवसांनी अनंता लॅबमध्ये आला. आकडा ऐकून त्याने वहिनींच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "मोजल्यास रे, पण बघितल्यास का?" मी डोळा लावला. पेशी वाढल्या होत्या, पण पोक्त होत होत्या. गोल केंद्रकं दुमडून त्यांचे खंड पडू लागले होते. मग त्याने समजावलं. पेशीतली जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं एकमेकांच्या संगतीने काम करतात. या आजारात दोन प्रथिनांचे तुकडे चुकून सांधले जातात, आणि ते जोडप्रथिन आणखी काहींना ओढून घेऊन पेशी पोक्त करणारी जनुकं बंद ठेवतं. लावणी न झालेलं भाताचं रोप दाटत जावं, तशा कोवळ्या पेशी साचतात. गोळी ती पकड सोडवते, साचलेल्या पेशी पोक्त होऊन रक्तात उतरतात, म्हणून सुरुवातीला आकडा चढू शकतो. "चढला तर धोका आहेच, पण तो इस्पितळात सांभाळायचा. गोळी बंद करून नाय."

त्याने त्याच दिवशी वहिनींना मुंबईला हलवलं. गोळ्या दोन दिवस बंद होत्या, श्वास लागला होता. तीन आठवड्यांनी त्या वाचून परतल्या. औषधपाण्याचे निरोप नेहमी अनंताचेच असायचे, त्यामुळे घरच्यांना हाही त्याचाच वाटला. दादाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हो, माझाच." दादा दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. मी गप्प राहिलो. लॅब बुडेल याची भीती होती, दुसरं काही नाही.

दहाव्याला दादा रडत म्हणाला, "देवमाणूस होता, तेवढी एक चूक सोडली तर..." त्या वाक्याने मला झोप लागेना. गेल्या रविवारी त्यांच्या गावी गेलो आणि दादा-वहिनी दोघांसमोर सांगून टाकलं. दादा उठून बाहेर गेला. वहिनी भात पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या,

"मला तवाच ठाव होतं. अनंताभावजी एका गोळीचा टाइम चुकू देत नव्हते, ते बंद करायला सांगतील? पण ते तुमचं नाव बोलले नाय, मंग मी पण नाय बोलले."

"माझा राग नाही आला?"

"आला ना. पण दर वर्षी रक्त तुमच्याकडंच दिलं का नाय? भावजी बोलले होते, रक्त त्याच्याकडंच द्या, आता तो नीट बघल."