चार खात्यांचा कॉम्प्युटर

कोणी पासवर्ड टाकायला लागलं की काका भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. नुसती मान वळवणं त्यांना पुरेसं वाटत नसे. खुर्चीवरून उठायचं, चपला सरकवायच्या आणि पूर्ण पाठ फिरवायची. मग भिंतीला सांगायचं, "टाका मास्तर. मी पाहून नाही राहिलो."

एकदा ते स्वतःचाच पासवर्ड विसरले. मी नवा करून दिला आणि चालतो का ते बघायला टाकू लागलो, तर काका भिंतीकडे.

"काका, हा तुमचाच आहे."

"पन बोटं तुमची आहेत ना," भिंतीकडून उत्तर आलं.

मी भिलाईत, नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. अशा माणसाचं गल्लीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. कोणाच्या मिक्सरमधून धूर निघाला तरी बोलावणं त्यालाच येतं. काका माझ्यापासून दोन घरं पलीकडे राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, सगळी नोकरी इथल्याच पोलाद कारखान्यात, इलेक्ट्रिकल रिपेअरला. निवृत्तीनंतर सेक्टरमधलं कारखान्याचं क्वार्टर सोडून त्यांनी इथे घर बांधलं आणि बंगलोरच्या मुलानं त्यात एक कॉम्प्युटर आणून ठेवला, नात आजी-आजोबांशी बोलेल म्हणून.

मी त्यावर एक खातं उघडून दिलं. घरात माणसं दोन. काकांना ते धोक्याचं वाटलं.

"एका सुइचवर दोघांचं काम? कोनाचा हात कापला म्हंजे?"

कारखान्यात मशीन दुरुस्तीला घेतलं की आधी मेन स्विच बंद करतात आणि त्यावर आपलं कुलूप लावतात. तीन माणसं आत उतरली तर तीन कुलपं. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. साहेबानं सांगितलं तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. काकांच्या हाताखालची सगळी माणसं दहाच्या दहा बोटं घेऊन निवृत्त झाली होती, त्यामुळे मला वाद घालता येईना. कॉम्प्युटरवर चार खाती झाली. काकांचं, काकूंचं, सुट्टीत येणाऱ्या मुलाचं आणि माझं. माझ्या खात्याला काकांनी ‘मेंटेनन्स’ असं नाव दिलं आणि त्याचा पासवर्ड त्यांना सांगायला मला सक्त मनाई केली. दुसऱ्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर घरच्यांपासून लपवलेला पासवर्ड ठेवणारा भिलाईत मी एकटाच असेन.

नियम असा कडक, पण काकांना स्वतःचं खातं काही उघडता येत नसे. "मास्तर, माहं कुलूप मलेच वळखून नाही राहिलं," म्हणून फोन यायचा. मी जाऊन कॅप्स लॉकची बत्ती विझवायचो, की खातं उघडायचं. मी घरी पोचेपर्यंत काकांनी ती पुन्हा लावलेली असायची. कारखान्यातला प्रत्येक फॉर्म मोठ्या अक्षरांत भरायचा असतो, हे एक. आणि दुसरं म्हणजे, चांगली जळती बत्ती शहाण्या इलेक्ट्रिशियननं विझवावी तरी कशाला?

"बत्ती गेली म्हंजे फाल्ट, असं आमी जनमभर शिकलो जी."

शेवटी मी हार मानली आणि त्यांचा पासवर्डच मोठ्या अक्षरांत करून टाकला.

काकूंचा पासवर्ड कधी चुकला नाही. दुपारी खोलीचं दार लोटून त्या कॉम्प्युटरपुढे बसायच्या आणि नातीसाठी भुलाबाईची गाणी म्हणायच्या. आवाज रेकॉर्ड कसा करायचा ते मी दोघांना एकदमच शिकवलं होतं. नात हिंदीच बोलायची. गाण्यातलं अर्धं तिला कळत नसे, पण ऐकल्याशिवाय ती जेवत नसे. काकांसमोर मात्र काकू गात नसत.

"यायच्यापुढे गायलं तं हे आवाजात फाल्ट शोधतेत," त्या मला म्हणाल्या होत्या.

काकांनीही कधी ऐकायला मागितलं नाही. कुलूप त्यांचं नव्हतं.

काकू थंडीत गेल्या. छातीत कफ झाला म्हणून दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. तेरवी झाली, मुलगा बंगलोरला गेला, आणि एका सकाळी काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. नातीचा फोन आला होता. तिच्या आईनं मोबाइल बदलला, त्यात गाणी गेली. "आजोबा, आजी के गाने भेज दो ना," असं ती म्हणत होती.

"तिच्या आजीच्या खात्यात आहेत," काका म्हणाले. मग म्हणाले, "मलेबी आइकाचे आहेत."

काकूंचा पासवर्ड आम्हा कोणालाच माहीत नव्हता. मी काकांकडे गेलो, मेंटेनन्सचं खातं उघडलं आणि म्हणालो, "इथून दोन मिनिटांत काढून देतो." काका खुर्चीवर बसेनात.

"म्हंजे कुलूप तोडाचं."

"मग कारखान्यात काय करतात? कुलूप लावून माणूस निघून गेला तर?"

"होते कधी कधी. चाबी खिशात घालून घरी जाते मानूस. मंग इन्चार्ज आत फिरून पाहते, त्याचं नाव घेऊन पुकारते. कोनी नाही बोललं, तं तोडाचं."

एवढं बोलून ते खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले. अडचण मला उशिरा कळली. बायकोचं नाव घ्यायची त्यांच्यात पद्धत नव्हती. दोघांनी एकमेकांना ‘आइकलं का’ म्हणत सगळा संसार केला होता. कॉम्प्युटरवरच्या खात्यालासुद्धा नातीनं ‘आजी’ असंच नाव दिलं होतं.

काका स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "शकुंतला," ते म्हणाले. मग मागचं दार उघडून अंगणात, थोडं मोठ्यानं, "शकुंतला." काकूंचं नाव मला त्या दिवशी कळलं. काका तिथेच उभे राहून वाट पाहत होते. उपचार म्हणून नव्हे, खरंच पाहत होते.

ते परत आले आणि खुर्चीवर बसले.

"आत कोनी नाही," ते म्हणाले. "काढा."

मी त्या खात्याचा पासवर्ड काढून टाकला. गाणी तिथेच होती. पहिलं लावलं. काकूंचा आवाज बारीक होता आणि वरच्या पट्टीत जरा चिरकायचा. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते. गाणं संपलं, पण रेकॉर्डिंग चालूच राहिलं. खुर्ची करकरली, माउस दोनदा टकटकला. मग काकूंचा आवाज जरा लांबून आला, दाराकडे तोंड करून विचारल्यासारखा.

"आइकलं का? हे बंद कसं कराचं वो?"

रेकॉर्डिंगमध्ये त्याला उत्तर नव्हतं. काका तेव्हा भाजी आणायला गेले असतील.

आता ते स्क्रीनकडे झुकले.

"खाली चौकोन आहे ना," त्यांनी सांगितलं, "थो दाब."