नट आणि पाय

मोटारीच्या क्लचच्या तेलात हवा शिरली होती. पेडल नुसतेच खाली जाई, गिअर पडत नसे. मेकॅनिक गाडीखाली होता आणि मालकीणबाई सीटवर. संध्याकाळी त्यांना आजारी वडिलांना घेऊन घाट उतरायचा होता.

“दाबा. धरून ठेवा,” खालून आवाज आला. त्याने हवा काढायचा नट सैल केला तसे त्याला जोडलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे निघाले. नट आवळल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर हवा परत आत जाते. बऱ्याच वेळा असे करून पाहिले, तरी पेडल अजून मऊच.

“ताई, पाय मधेच उचलता तुम्ही.”

“मी नाही. तुम्हीच नट उशिरा आवळता.”

त्याला पाय दिसत नव्हता, बाईंना नट. माणसांची बहुतेक कामे अशी न दिसणाऱ्याच्या शब्दावर चालतात. संशयाला तेवढी फट पुरते.

अखेर पेडल घट्ट झाले. “झालं,” तो म्हणाला.

बाई उतरल्या. “पाना द्या. आता तुम्ही वर बसा.”

हसत तो बसला. बाई पदर खोचून गाडीखाली गेल्या. त्याने पेडल दाबल्यावर त्यांनी नट सैल केला, तर नळीतून नुसते तेल आले, एकही बुडबुडा नव्हता. तरी खालून आवाज आलाच, “दादा, पाय मधेच उचलला नाहीत ना?”