चढावर अडकलेला गिअर
गॅरेजमध्ये त्याला सगळे 'बघू मिस्त्री' म्हणत. कुठलंही काम न्या, पहिलं उत्तर 'बघू'. मग डोकं खाजवणं, मग चहा, आणि मग काम मात्र असं चोख की गिऱ्हाईक पुन्हा दुसरीकडे फिरकायचं नाही. थोरला भाऊ, म्हणजे दादा, माणसांशी बोलायचा आणि हा गाड्यांशी. लग्न 'बघू, बघू' म्हणता म्हणता राहून गेलं. दोन्ही वेळचं जेवण दादाच्या घरी, वहिनीच्या हातचं.

दादाला जाऊन तीन वर्षं झाली होती. एके सकाळी वहिनी गॅरेजमध्ये आली आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या दादाच्या जुन्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, "भाऊजी, हिला नवा गिअरबॉक्स घाला. गिअरची दांडी खाली, सीटशेजारी असलेला. हिलाच घेऊन मला तो चढ एकदा चढायचाय. पण ती स्टिअरिंगखालची दांडी पुन्हा डोळ्यांसमोर नको."

"नवा बॉक्स जुन्या इंजिनला बसत नाही, वहिनी. इंजिनही बदलावं लागेल."

"मग बदला."

"बघू," तो म्हणाला आणि ताडपत्रीचं टोक सारखं करायला लागला.

तो चढ सगळ्या गल्लीला माहीत होता. त्या दुपारी जेवताना दादाच्या छातीत कळ आली. मागच्या सीटवर मुलीच्या मांडीवर त्याचं डोकं ठेवून वहिनी स्वतः गाडी घेऊन निघाली, आणि हॉस्पिटलच्या अलीकडे, ऐन चढावर गिअरची दांडी अडकली. ना पहिला, ना दुसरा. मुलगी मागून ओरडत होती, "आई, गिअर टाक! अगं टाक ना!" दुसरी गाडी मिळेपर्यंत दादा गेला होता. घाबरली बिचारी, गिअर टाकता आला नाही, असं लोक म्हणाले. मुलीनंही तेच मानलं. ती नदीपलीकडे राहायला गेली आणि आईशी बोलायचीच बंद झाली.

खरी गोष्ट वेगळी होती. त्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन सळया जातात. त्यांच्या टोकांना बसवलेली बुशं, म्हणजे छोटी कडी, झिजली की सळया एकमेकींत अडकतात, मग कितीही जोर लावा, दांडी हलत नाही. बॉनेट उघडून सळई हातानं मागे ढकलायची, की सुटली. दादा भर रस्त्यात उतरून हे करायचा आणि घरी येऊन याला सुनावायचा, "जगाच्या गाड्या नीट करतोस, घरच्या गाडीचं बुश कधी बदलणार रे?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. यानं झिजलेल्या बुशावर तांब्याची तार गुंडाळून वेळ मारून नेली. "चार दिवस चालेल," म्हणाला. चाराचे तीन महिने झाले. आणि बॉनेटची ती युक्ती वहिनीला कुणी सांगितलीच नव्हती.

हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. तीन वर्षं तो तोंडात मिठाची गुळणी धरून तिच्याच हातचं जेवत होता.

मागून चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स त्यानं मिळवला. जुनं इंजिन साखळीनं वर उचललं, सळया सोडवल्या. तार तशीच होती, काळी पडलेली. ती हातात घेऊन तो बराच वेळ जमिनीवर बसून राहिला.

त्या दिवसापासून दादा गॅरेजात यायला लागला. हा गाडीखाली आडवा झाला की वर पावलं वाजायची, दादा चालायचा तशीच, उजवा पाय जरासा घासत. बॉनेट उघडल्याचा आवाज यायचा. बॉनेट तर यानंच काढून भिंतीला टेकवलेलं! भर दुपार, रस्त्यावर वर्दळ, शेजारी टायरवाल्याचा रेडिओ चालू. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, तरी अंगावर काटा यायचा. "करतो रे दादा, करतो," असं तो गाडीखालून पुटपुटायचा, आणि टायरवाला मान हलवायचा.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. इंजिन टेकायला नवे आधार घडवले. नवा बॉक्स लांब, म्हणून गाडीच्या तळाचा पत्रा कापून उंचवटा केला, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट चार बोटं आखूड करून घेतला. एकेक बोल्ट दोनदा आवळला. शेवटी चावी फिरवली. नवं इंजिन इतकं मुकाट चालत होतं की त्याच्या आवाजात पावलं दडतही नव्हती.

वहिनी चालवायला बसली, हा शेजारी. चढ आला तसा तिचा हात सवयीनं स्टिअरिंगखाली गेला, तिथं काहीच नव्हतं. मग हात खाली आला. दुसरा, पहिला. गाडी तक्रार न करता वर गेली. माथ्यावर तिनं गाडी कडेला घेतली आणि रडायला लागली.

"इतकं सोपं असतं हो, भाऊजी. एवढं मला जमलं नाही."

"वहिनी, चूक तुमची नव्हती."

"पुरे. सगळे हेच म्हणतात."

मग त्यानं सांगितलं. बुश, तार, ते चार दिवस, बॉनेटची युक्ती. सांगताना तो तिच्याकडे बघू शकला नाही.

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"त्याच दिवसापासून."

"आणि रोज माझ्यासमोर ताटावर बसत होता."

त्यानं दार उघडायला हात घातला.

"उतरू नका," ती म्हणाली. गाडी गिअरमध्ये टाकून तिनं नदीचा रस्ता धरला. पूल ओलांडला. मुलीच्या दारापाशी मात्र ती मागे सरकली. "मी सांगितलं तर वाटेल, आई अंग काढून घेतेय. तुम्हीच सांगा."

दार उघडलं. मुलीनं आईकडे पाहिलंच नाही. "काका? काय झालं?"

तो एक पायरी वर चढला.

"तुझी आई गिअर बरोबर टाकत होती," तो म्हणाला. "गाडी मी बिघडलेली ठेवली होती."

 मुलगी आधी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तीन वर्षांनी पहिल्यांदा आईकडे.