बिल्ड कुणी तोडला?

डबा सरांनी एका बोटानं मागं सारला.

"घरी केलेली? मग राहू दे."

एवढंच बोलले. डब्यात आईनं केलेली शेंगदाण्याची चिक्की होती. सरांनी घेतली नाही म्हणून शेजारच्यानं घेतली नाही. त्याच्या पुढचा म्हणाला, पोट बिघडलंय. बघता बघता सगळ्या टीमचं पोट बिघडलं. मग सरांनी ड्रॉवरमधून लोणावळ्याचं दुकानातलं पाकीट काढून फोडलं, आणि त्याच पोटांनी ते संपवलं. अहो, माझी आई लोणावळ्यातच तुंगार्लीच्या बाजूला एका कारखान्यात चिक्की लाटायला जाते. पंधरा वर्षं झाली. दुकानातली काय आभाळातून पडते? पण हे मी तिथं बोलले नाही. डब्याचं झाकण लावलं. डबा पिशवीत टाकला.

आमची कंपनी चिंचवडच्या बाजूला. पत्रा दाबून आकार देणारी प्रेस मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. सर टीमचे प्रमुख. टीमची एक रीत आहे. ज्याच्या कोडमुळे बिल्ड तुटेल, म्हणजे सगळ्यांचा मिळून प्रोग्रॅम तयारच होणार नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी चिक्की आणायची. त्या वेळी बिल्ड मीच तोडला होता. खोटं कशाला बोलू?

सी प्लस प्लस या आमच्या कोडच्या भाषेत टेम्प्लेट असतं. साचा म्हणा. त्यानं काही हिशेब प्रोग्रॅम चालायच्या आधीच, कंपायलर, म्हणजे आमचं कोड मशिनच्या भाषेत उतरवणारा, तो तयार करत असतानाच उरकून घेता येतात. चूक असेल तर प्रोग्रॅम मशिनवर जातच नाही, इथंच अडतो. मी पहिल्यांदाच लिहीत होते. साचा स्वतःलाच परत बोलावतो, एकेक आकडा कमी करत. कुठं थांबायचं ते लिहायला मी विसरले. कंपायलर शून्याच्याही खाली खाली गेला आणि शेकडो ओळींची एरर ओकला.

सरांनी ती मोठ्या स्क्रीनवर लावली. वाचून दाखवली, चवीनं. पोरं हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे पाठ करून येत नाही गं. हे घरात असावं लागतं."

पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग, "गावात कुठं?" आम्ही बौद्ध. मी सांगितलं. तेव्हापासून माझी प्रत्येक चूक त्यांना आमच्या घरात सापडायची.

मी भ्यायले होते.  सहा महिन्यांची प्रोबेशन, आणि कायम करायची शिफारस त्यांच्याच हातात. आमच्या घरात कायम नोकरी आजवर कुणालाच नाही.  त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी मी हातातली ओळ परत पहिल्यापासून वाचायचे.

बेगडेवाडी स्टेशनवर आई सकाळी लोणावळ्याची गाडी धरायची. माझी पुण्याकडची गाडी नंतर असायची. मधल्या वेळात मी बाकावर वही घेऊन बसायचे. कंपायलर जे करतो ते हातानं करायचं. पाच चारला विचारतो, चार तीनला, तीन दोनला. शून्यानं कुणाला विचारायचं नाही, त्यानं उत्तर द्यायचं. पानंच्या पानं भरली. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ते डोक्यात लख्ख उतरलं आणि मला रडूच कोसळलं. राग आला होता. घरात असावं लागतं म्हणे! घरात डोंबल होतं. बाकावर आलं मला.

मग मी एक चेक, म्हणजे कोडमधली तपासणी, लिहिला. कुणी आत हात घातला की प्रेस किती वेळात थांबली पाहिजे, याचा एक तक्ता आमच्या कोडमध्ये आहे. प्रत्येक मशिनचा वेगळा आकडा. त्यातला एक जरी मर्यादेबाहेर गेला, तरी कंपायलरनं तिथंच अडवायचं. आमच्या आळीतल्या दोघांची बोटं प्रेसखाली गेलीत. मला तो तक्ता नुसता आकड्यांचा दिसत नाही. टीममधल्या दोघांनी तपासून चेक सगळ्यांच्या कोडमध्ये घेतला.

आठवड्यानं बिल्ड तुटला.

सर तिथूनच ओरडले, "हिनं परत तोडला! तो चेक काढ आधी, आज डिलिव्हरी आहे. आणि उद्या चिक्की. या वेळी दुकानातली आण."

सगळे हसले. मी एरर उघडली. माझ्याच चेकनं अडवलं होतं. ओळ बेचाळीस. नव्या मशिनचा आकडा पन्नास मिलिसेकंद हवा, तिथं पाचशे होता. ओळ सरांची होती, सकाळीच घातलेली. जुन्या कोडनं ते मुकाट घेतलं असतं, आणि प्रेस जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा थांबली असती.

 वाटलं, काढावा चेक, आकडा गुपचूप दुरुस्त करावा, गप बसावं. महिनाभरच तर उरला होता. कशी उठले माहीत नाही. 

"चेक काढणार नाही. बेचाळिसावी ओळ तुमची आहे, सर. बिल्ड तुम्ही तोडलाय. चिक्की तुम्ही आणा."

कुणी हसलं नाही. जो तो आपापल्या स्क्रीनकडे वळला. सरांनी आकडा बदलला, माझ्याकडे न बघता. दुसऱ्या दिवशी चिक्की आली नाही. रीतच बंद झाली, कायमची.

महिनाअखेर पत्र आलं. प्रोबेशन तीन महिने वाढवली. कारण, टीममध्ये मिसळत नाही.

आईला वाचून दाखवलं. ती कधी नव्हे ती घाबरली. "माफी मागून टाक गं बाय. मोठ्या मान्सासंगं वाकडं न्हाई घेऊ. जीभ काय झिजती का?"

"चूक त्यांची होती, आई."

"व्हय. पन नोकरी तुजी हाय."

तिचं खोटं नाही. मला अजूनही भीती वाटते. हे लिहितानासुद्धा वाटते. उद्या अकराला मीटिंग आहे, तो चेक ठेवायचा की काढायचा यावर. माझा आवाज कापणार, मला माहीत आहे. कापू दे. कोडमधली प्रत्येक ओळ कुणी घातली, कुणी काढली, त्याची नावानिशी नोंद राहते. चेक काढायचाच असेल तर सरांनी स्वतःच्या नावानं काढावा. माझ्या हातून तो निघणार नाही.