सर्व्हरला न पटलेली लेकरं

ऑफिसात मी आणि शबानाआपा दोघीच. किस्से सांगायला तिसरं कुणी नाही, म्हणून ते साठत जातात. काम एकच: जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांतून आलेली लेकरांची वजनं-उंच्या तपासून सर्व्हरवर चढवायची. आकडा पटला नाही की ओळ लाल होते, मग फोन लावायचा.

माझी अकरा महिन्यांची जुई जवळा बाजारला आईकडे, मी हिंगोलीत खोली करून. भेट रविवारी. तिचं काहीतरी पहिलंवहिलं माझ्या माघारी होऊन जाईल, ही धास्ती सारखी. बाकी दिवस दुसऱ्यांची लेकरं बघते, तीही आकड्यांत.

*

पुसेगावकडचं एक पोरगं महिन्यात दोन किलोनं उतरलं. ओळ लालभडक! घाबरून फोन केला, तर अंगणवाडीताई म्हणाल्या, पोरगं ठणठणीत आहे, आजीच खरं वजन लिहू देत नाही.

"पुरं वजन सांगितलं की नजर लागते, मॅडम. म्हातारी दोन किलो मागं ठेवून राहिली."

मी पोट धरून हसले. त्या रविवारी जुईला तोललं आणि वजन कुणालाच सांगितलं नाही.

*

गोरेगावची जुळी. आई तीच, जन्मतारीख तीच, म्हणून सर्व्हरनं दुसरं घेतलंच नाही. तिथल्या ताईंनी आपल्या डोक्यानं धाकट्याचा जन्म महिनाभर पुढं ढकलला. आता दोन्ही लाल! हे शक्य नाही, असं मी समजावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तुमच्या सर्व्हरलाच विचारा, काहून एका टायमाला दोन चालत न्हाईत."

*

एकदा मी एका लेकराच्या नावाच्या रकान्यात चक्क 'जुई' टाकलं. सर्व्हरनं मुकाट घेतलं. आपांनी मात्र चष्मा वर केला.

"बराबर है, पण हे पोरगं आहे ना? मिशा फुटल्यावर तकलीफ होईल त्याला."

*

गेल्या महिन्यात जवळा बाजारची यादी आली. ती मी आपांना हात लावू देत नाही. जुईचीच ओळ लाल. वजन ठीक, उंची ठीक, पण मोजमाप 'उभं' लिहिलेलं. दोन वर्षांखालचं लेकरू निजवून मोजायचं, हा नियम. तिथल्या ताईंना फोन लावून मी जरा सुनावलंच.

"काय करू माय, निजतच न्हाई ती. पट्टीला धरून उभी राहती. तीन-चार दिस झाले की. तुला ठाव न्हाई व्हय?"

ठाऊक आहे, म्हणाले. पुन्हा निजवून मोजायला सांगितलं. आकडा आला, ओळ हिरवी झाली.

त्या रविवारी उंबऱ्याशी चप्पल काढत होते, तोच जुई रांगत आली आणि माझ्या ओढणीला धरून उभी राहिली. आई आतून धावत आली.

"बघ गं, आज पहिल्यांदाच उभी राहिली. तुझ्यासाठीच थांबली होती."